कानाचं मशीन चार दिवसांत कपाटात टाकू नका

कानाचं मशीन आणायचं, चार दिवस लावायचं आणि मग डबीत घालून कपाटात, हे आपल्या कोकणात घरोघरी बघायला मिळतं. तक्रार पण एकच, आमचे आबा करायचे तीच: "ऐकाक येता, पण कळणा नाय." सुरुवातीला तसंच होणार हो.

वयामुळे कान जातात तेव्हा बहुतेकांचे आधी स, श, फ असले बारीक आवाज जातात, तेही इतकं हळूहळू की मेंदूला त्यांची सवयच राहत नाही. मशीन लावलं की ते सगळे एकदम परत येतात, मग पेपरचं पान उलटलं तरी खरखर, पातेल्यात डाव आपटला तर खणकन, आणि कौलांवर सर कोसळली की मशीन फेकून द्यावंसं वाटतं. यातलं कशाकडे दुर्लक्ष करायचं हे मेंदू नव्याने शिकतो, त्याला काही आठवडे ते दोन-तीन महिने जातात.

म्हणून आधी घरात, शांत माजघरात एकाच माणसाशी बोलायचं, मग पडवीत चारचौघांत, मग बाजारात. तास वाढवत वाढवत आंघोळ आणि झोप सोडून दिवसभर. पाहुणे आले की लावायचं आणि गेले की काढायचं, यात सवय कधीच होत नाही. आणि ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्याला, थापा मारू नका, बऱ्याच मशीनमध्ये रोज किती तास लावलं त्याची नोंद असते, कॉम्प्युटरला जोडलं की दिसतं :)

दोन-तीन आठवड्यांनी परत जायचंच, कारण पहिल्यांदा आवाज बरेचदा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तो वाढवायचा असतो. जाताना "मशीन बरोबर नाही" एवढंच सांगू नका, कागदावर लिहून न्या: कुकरची शिट्टी टोचते, मुलाचं बोलणं कळतं, नातीचं कळत नाही.

पण सगळंच "सवय होईल" वर ढकलायचं नाही. कान दुखतो, मशीन शिट्टी मारतं, स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, तर मशीनचं कानातलं रबर किंवा कानाच्या मापाचा साचा बदलून घ्या.

काही महिन्यांनी अचानक कमी ऐकू यायला लागलं की लोक म्हणतात कान अजून गेले. आधी मशीनच्या कानात जाणाऱ्या टोकाची ती इवलीशी पांढरी जाळी बघा, मळाने बुजलेली असते. साच्याची नळी असेल तर त्यात पाणी साचलंय का बघा, आपल्याकडच्या दमट हवेत हे फार होतं. रात्री सेलचं दार उघडं टाकून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा, चुलीजवळ सुकवत बसू नका. एवढं करून फरक नाही पडला तर मात्र कान तपासून घ्या, तसंही वर्षातून एकदा तपासावेच.

आरतीच्या वेळी टाळ-ढोलकीत शेजारचा काय म्हणतो ते मशीन लावूनही धड कळणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. पण तीन महिने नीट लावूनही शांत खोलीत समोरासमोर बोललेलं कळत नसेल तर सेटिंगवर शंका घ्या. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ मशीनचा आवाज मोजायची चाचणी असते, रिअल इअर म्हणतात, ती करता का विचारा. जवळ सोय नसेल तर कोल्हापूर-मुंबईला जाणं होईल तेव्हा करून घ्या, आणि जाताना पहिल्या तपासणीचा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, बरोबर न्या.