नातेवाईक नसलेली प्रथिने

कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी शंभर अमिनो आम्लांचा एक यादृच्छिक क्रम तयार केला आणि अल्फाफोल्डला, म्हणजे क्रमावरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय मॉडेलला, दिला. उत्तर आलं ते एक लांबलचक हेलिक्स (स्प्रिंगसारखी वळलेली साखळी), बहुतेक निळं. निळं म्हणजे खात्रीचं, एवढं मी वाचलेलं होतं. उत्साहाने मार्गदर्शकांना दाखवायला गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "एमएसएमध्ये, म्हणजे नातेवाईक क्रमांच्या मांडणीत, किती क्रम सापडले?"

एकच होता. माझाच.

अल्फाफोल्ड २ ने प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधण्याच्या २०२० च्या कास्प स्पर्धेत जी कमाल केली, तिच्यामागचं मोठं बळ उत्क्रांतीचं आहे. एका कुळातली अनेक प्रथिने एकाखाली एक मांडली की दिसतं, इथलं अमिनो आम्ल बदललं की दूरचं तेही बदलतं. म्हणजे घडी पडल्यावर ती दोन्ही शेजारी येत असावीत. यादृच्छिक क्रमाला नातेवाईकच नाहीत, त्यामुळे हा पुरावा मिळत नाही. ईएसएमफोल्ड या अशाच दुसऱ्या साधनाला एमएसए लागत नाही हे खरं, पण त्याचं भाषा-मॉडेलही मुख्यतः निसर्गातले क्रम वाचूनच शिकलेलं आहे.

मग ते हेलिक्स निळं का? रंग ज्यावरून ठरतो तो पीएलडीडीटी हा मॉडेलच्या खात्रीचा ० ते १०० मधला गुण जागोजागचा असतो. हेलिक्सचे बंध साखळीत चार घरं पुढच्या अमिनो आम्लाशी जुळतात, म्हणून ते तुकड्यापुरतं पटण्याजोगं दिसतं. अख्ख्या साखळीची घट्ट घडी पडते की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पीएईचा तक्ता उघडा; साखळीचे दोन भाग एकमेकांच्या तुलनेत कुठे आहेत याची मॉडेलला किती खात्री आहे, ते तो दाखवतो. मी तो कित्येक आठवडे उघडलाच नव्हता. उलट, ५० च्या खालचा गुण ओळखीच्या प्रथिनात बहुधा सैल, अस्ताव्यस्त भाग दाखवतो. अनोळखी क्रमात मात्र मॉडेललाच काही उमगलेलं नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली सवय साधी आहे: खरं प्रथिन घ्या, त्याचीच अमिनो आम्लं पिसून नवा क्रम करा आणि दोन्ही एकाच साधनातून, एमएसएशिवाय चालवा. फरक दिसला नाही, तर तुमच्या नव्या प्रथिनाच्या गुणावर विसंबू नका.

एका गोष्टीने मात्र मी चक्रावले. टॉप७ हे २००३ मधलं, माणसाने रचलेलं प्रथिन. अशा रचलेल्या प्रथिनांनाही निसर्गात नातेवाईक नसतात, तरी त्यांच्या रचनेचा अंदाज पुष्कळदा अचूक येतो. त्यांची घडी इतकी रेखीव असते की क्रमच पुरेसा बोलका ठरतो. यादृच्छिक क्रमांत असं क्वचितच घडतं. २००१ मध्ये कीफ आणि शोस्टाक यांनी सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक प्रथिनांतून एटीपीला (पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूला) धरणारी शोधली. त्यांचा अंदाज होता, १० हजार कोटींत साधारण एक असं प्रथिन.

माझा पहिला क्रम पुढे ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवून पाहिला. जवळजवळ सगळं प्रथिन गाळात गेलं. सीडी स्पेक्ट्रम (हेलिक्स खरंच आहे का, हे प्रकाशाने तपासणारी चाचणी) घेण्याइतकंही विरघळलेलं हाती आलं नाही.