रबर चिरतंय? आधी या चुका टाळा

रबरी भाग चिरला की पहिला सल्ला ठरलेला: "मऊ पडलंय, गंधक वाढवा." या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे.

कडकपणा वेगळा, चिवटपणा वेगळा. रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे गंधकाचे बंध वाढले की त्या साखळ्या आखडतात आणि ड्युरोमीटरचा, म्हणजे कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा चढतो. पण तड्याच्या टोकाशी याच साखळ्यांनी ताणून, एकमेकींवर घासून ऊर्जा जिरवायची असते. बंध फार झाले की त्यांना हलायला वावच उरत नाही. म्हणून बंध वाढवत नेले तर फाटण्याला होणारा विरोध एका टप्प्यापर्यंत वाढतो आणि मग घसरतो; कडकपणा मात्र चढतच राहतो.

एकदा इंजिन माउंटिंगची (इंजिन ज्यावर बसवतात त्या रबरी भागांची) अख्खी खेप चिरली म्हणून आमच्याकडे परत आली. आमचं न ऐकता ग्राहकाने दुसरीकडून जास्त कडक माल करून घेतला, तर तो आधीपेक्षा लवकर चिरला. मी दोन्हीकडचे तुकडे वाकवून भिंगाखाली धरले. तडे निघाले होते पार्टिंग लाईनवरून, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या रेषेवरून. जोडणीच्या वेळी ग्राहकाकडे कुणीतरी उरलेली फ्लॅश (त्या रेषेतून बाहेर आलेला जादा रबराचा पातळ पापुद्रा) ब्लेडने खरवडत होतं आणि कडेला नखाला जेमतेम जाणवेल एवढी खाच पडत होती.

एवढ्याशा खाचेने काय होतं, असं विचारतात. रिव्हलिन आणि थॉमस या संशोधकांनी १९५३ मध्ये मांडलं की तडा पुढे सरकताना रबरात साठलेली किती ऊर्जा मोकळी होते, यावर फाटणं ठरतं. कडेच्या लहान खाचेसाठी ही ऊर्जा खोलीच्या प्रमाणात वाढते. खाच दुप्पट खोल झाली की वारंवार ताण झेलणाऱ्या नैसर्गिक रबराचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. एसबीआर या कृत्रिम रबराचं तर आठव्या हिश्श्याइतकं उरू शकतं. मी फ्लॅशला ब्लेड लावू देत नाही. जाड फ्लॅश येत असेल तर मोल्ड दुरुस्त करून घ्या. त्याला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

नैसर्गिक रबराचे आकडे एसबीआरला लावू नका. नैसर्गिक रबर ताणलं की तड्याच्या टोकाशी स्फटिक तयार होतात आणि वाट अडवतात. एसबीआरमध्ये ते होत नाही, तिथे रबराला बळकटी देणाऱ्या कार्बन ब्लॅकवरच, म्हणजे काजळीच्या भुकटीवरच, भिस्त. हे स्फटिक ताण पूर्ण सुटला की विरघळतात, म्हणून नैसर्गिक रबराच्या भागावर थोडा ताण कायम राहील अशी बसवणूक मला आवडते.

साठवताना मात्र रबर ताणून ठेवू नका. ओझोनमुळे ताणाच्या दिशेला काटकोनात भेगा पडतात. ओझोन रोखायला मेण मिसळलंय म्हणून निर्धास्त राहू नका. सतत हलणाऱ्या भागावर मेणाचा थर टिकत नाही.

आणि घाईपोटी तापमान चढवून क्युअरिंग, म्हणजे रबर तापवून पक्कं करणं, उरकू नका. जाड भागाचं पोट कच्चं राहतं, वरचं रबर जास्त शिजतं. असा भाग मी आडवा कापून आतलं आणि बाहेरचं रबर वेगवेगळं फाडून बघतो.