सेमिस्टरची तयारी, आणि चिठ्ठीला उत्तर

ही यादी एफवायचे, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचे, मोठे वर्ग पहिल्यांदा वाट्याला आलेल्यांसाठी आहे, त्यातही तासिका तत्त्वावर लागलेल्यांसाठी. त्यांना कोणी काही सांगत नाही आणि वर्ग मात्र सगळ्यात मोठा देतात. मी ठाण्यात बी.कॉम.ला अर्थशास्त्र शिकवते, म्हणून उदाहरणं त्यातली येतील. अभ्यासक्रमाची प्रत, वेळापत्रक, मस्टर, खडू, मार्कर, प्रोजेक्टरची केबल हे तुम्ही घेणारच, त्यावर शब्द घालवत नाही. तासाच्या शेवटी मुलांकडून लिहून घ्यायच्या चिठ्ठ्यांवर घालवणार आहे. मागच्या वर्षी बाकी तयारी चोख असूनही माझा वर्ग हातचा गेला तो चिठ्ठ्यांपायी.

आधी वर्गात कोण बसणार आहे ते बघा. ऑफिसमधून प्रवेशाची यादी मागून घ्या. बारावीला शाखा कोणती, माध्यम कोणतं, राहायला कुठे, एवढं पुरे. ओपन इलेक्टिव्ह शिकवायचं असेल तर मुलं दुसऱ्याच विद्याशाखेची येणार, त्यांना बारावीचं अर्थशास्त्र येत असेल असं धरून चालू नका. ठाण्याच्या वर्गात दिवा, मुंब्रा, बदलापूर, आसनगावहून येणारी मुलं असतात, ट्रान्स-हार्बरने ऐरोली-कोपरखैरण्याहून येणारी असतात. सकाळच्या पहिल्या तासाला सुरुवातीची दहा मिनिटं मुलं दारातून आत येतच असतात. त्यांच्यावर ओरडण्यात तास घालवू नका, आणि महत्त्वाची व्याख्या त्या दहा मिनिटांत सांगूही नका. तेवढ्या वेळात कालच्या भागावरचे दोन प्रश्न फळ्यावर लिहा. वह्या बंद, आठवून लिहायचं. जो येईल तो बसतो आणि लिहायला लागतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात तोच उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते, आणि मुलांना नुसतं वाचून अभ्यास झाल्यासारखं वाटतं ते यामुळेच. या प्रश्नांना मार्क देऊ नका. मार्क आले की शेजाऱ्याच्या वहीत बघणं आलं.

यातली बरीच मुलं दुपारी कामाला जातात. कोणी वागळे इस्टेटमध्ये, कोणी ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये, कोणी वाशीच्या मार्केटमधल्या गाळ्यावर वडिलांच्या हाताखाली. गट करून कॉलेज सुटल्यावर भेटा, असं त्यांना सांगण्यात अर्थ नाही. जे करून घ्यायचं ते तासाला करून घ्या.

आता चिठ्ठी. तास संपायला तीन-चार मिनिटं असताना अर्धा कागद, नाव लिहायचं नाही, दोन ओळी. आज काय कळलं, आणि सगळ्यात जास्त कुठे अडलं. यात नवीन काही नाही. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी १९८९ मध्ये या दुसऱ्या प्रश्नावर लेख लिहिला होता. मागच्या वर्षी मीही चिठ्ठ्या नेमाने घेतल्या आणि सवडीने वाचू म्हणून रबर बँड लावून कपाटात ठेवल्या. पहिल्या आठवड्यातल्या चिठ्ठ्या भरगच्च होत्या. एकीवर पेन्सिलने मागणीचा वक्र, म्हणजे किमतीनुसार मागणी किती ते दाखवणारी रेघ, काढलेला, त्यावर दोन बाण, आणि खाली प्रश्न, ‘ही रेघ सरकते की आपण रेघेवरून सरकतो?’ त्या प्रकरणाचा सगळा गाभा या एका प्रश्नात आहे. तो मी वाचला इंटर्नल, म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा, झाल्यावर. तोवर चिठ्ठ्यांवर एकच वाक्य येऊ लागलं होतं, ‘सगळं कळलं मॅडम.’ आणि इंटर्नलला नेमका वक्र सरकण्याच्या प्रश्नावर वर्ग आडवा झाला. मुलं खोटं लिहीत नव्हती. इथे विचारून उत्तर मिळत नाही एवढं त्यांना समजलं होतं, म्हणून त्यांनी विचारणं सोडलं.

तेव्हा लाल पेनाने लिहून ठेवा. चिठ्ठी त्याच दिवशी वाचायची आणि पुढच्या तासाला तिचं उत्तर द्यायचं. शंभरावर चिठ्ठ्या असल्या तरी घाबरू नका, बारीक वाचायच्याच नसतात. तीन ढीग करा. बहुतेकांचं एकच अडलेलं एका ढिगात, एकट्या-दुकट्याचं वेगळंच काही असेल ते दुसऱ्यात, ‘कळलं’वाल्या तिसऱ्यात. लोकलमध्ये बसायला मिळालं तर घरी पोचेपर्यंत होतं. पहिल्या ढिगाचं उत्तर वर्गात द्या, दुसऱ्यातल्या एखाद-दोन चिठ्ठ्यांनाही द्या. ‘काल बऱ्याच जणांनी हे विचारलंय’ असं म्हणून एक चिठ्ठी शब्दशः वाचून दाखवा. कागद दाखवू नका, मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात. ज्या दिवशी वाचायला वेळ होणार नाही हे ठाऊक आहे, त्या दिवशी चिठ्ठी घेऊच नका. आठवड्यातून दोनदा घेतलीत तरी चालेल. घेऊन उत्तर न देणं मात्र चालणार नाही, त्यापेक्षा न घेतलेली बरी.

पुढची तयारी प्रश्नांची, आणि ती सुट्टीतच करा. सेमिस्टर सुरू झाल्यावर होत नाही. हार्वर्डचेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून जी पद्धत वापरत आले ती आपल्या वर्गात सहज बसते. एक प्रश्न, चार पर्याय, आधी प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत द्यायचं. यंत्रं-बिंत्रं लागत नाहीत. हात छातीशी धरून बोटांनी पर्याय दाखवायचा, म्हणजे मागच्याला दिसत नाही. प्रश्न मात्र असा हवा की चुकीचं उत्तरही पटेल. माझा एक देते. जुलैच्या पावसात नाशिक-जुन्नरकडून वाशीच्या मार्केटला येणाऱ्या पालेभाज्यांच्या गाड्या कमी झाल्या. मेथीची जुडी महागली. लोक दोनऐवजी एकच जुडी घेऊ लागले. काय घटलं? एक, मागणी. दोन, पुरवठा. तीन, दोन्ही. चार, दोन्हीपैकी काहीच नाही. बहुतेक बोटं तीन निघतात. बरोबर उत्तर दोन. मागणीचा वक्र होता तिथेच आहे, महागाईमुळे लोक त्याच वक्रावर वर सरकले, म्हणजे हा मागणीतला संकोच झाला, ऱ्हास नव्हे. ऱ्हासात वक्रच डावीकडे सरकतो. गाळ्यावर बसणाऱ्या मुलाला या चर्चेत बोलू द्या, त्याला गाड्यांची आवक माहीत असते आणि वर्ग त्याचं ऐकतो. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर चर्चेला सोडू नका, आधी पुन्हा समजावून सांगा. जास्त असतील तर पुढे जा. एका तासाला असे दोन प्रश्न पुरतात. तिसऱ्याच्या मोहात पडू नका.

हे प्रश्न कुठून आणायचे? चिठ्ठ्यांतून. अडलेलं तिथेच लिहिलेलं असतं. ‘रेघ सरकते की आपण’ हा प्रश्न तयार होऊन माझ्या कपाटात पडून होता. म्हणून परत सांगते, त्याच दिवशी वाचा.

प्रश्न विचारलात की गप्प बसा. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या शाळांचे वर्ग तपासले तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. कॉलेजात इंग्रजीतला प्रश्न मनात मराठीत किंवा हिंदीत फिरवून बघणाऱ्याला तर त्याहून जास्त वेळ लागतो. मनात पाचपर्यंत मोजा. पहिल्या बाकावरची दोन मुलं लगेच हात वर करतील, त्यांना थांबायला सांगा.

भाषेचं आधीच ठरवा. पेपर इंग्रजीतून लिहायचा असला तरी समजावताना मराठी, हिंदी जे चालेल ते वापरा. संज्ञा फळ्यावर दोन्ही भाषांत लिहा. बारावी मराठीतून केलेल्या मुलीला संकोच आणि ऱ्हास यातला फरक येत असतो, फक्त त्यांची इंग्रजी नावं नवी असतात. आपण तिला विषयच येत नाही असं धरतो. हा अन्याय आहे आणि तो एका कोपऱ्यातल्या दोन शब्दांनी टळतो. चिठ्ठी कुठल्याही भाषेत चालेल हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

गट चारांचे करा, मोठे नकोत. बाकं जमिनीला ठोकलेली असली तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, झाला गट. गटाला कागद एकच द्या, दोन दिलेत की दोघं लिहितात आणि दोघं मोबाइल बघतात. कोण लिहिणार आणि कोण उभं राहून सांगणार हे तुम्ही ठरवा, आणि दर वेळी बदला. दोस्तांचे गट होऊ देऊ नका. उशिरा प्रवेश झालेली मुलं मग कायम मागे एकटी बसतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू होईल. ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’ एखादी तक्रार विभागप्रमुखांपर्यंतही जाईल. याची तयारी आधी ठेवा. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा डेलॉरिये आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात स्वतः करून शिकलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, आणि चाचणीत तीच जास्त शिकलेली निघाली. हे मुलांना पहिल्या आठवड्यात सांगा, तक्रार आल्यावर नको. विभागप्रमुखांसाठी फ्रीमन आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम हाताशी ठेवा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केल्यावर निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. आकडे वाणिज्य शाखेचे नाहीत हेही सांगून टाका, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही. पण आकड्यांनी मुलं शांत होत नाहीत. आपण लिहिलेलं मॅडम वाचतात आणि त्यावरून तास बदलतो हे डोळ्यांनी दिसलं तर होतात. परत चिठ्ठीच. उत्तर द्या.

मागे पडणाऱ्यांसाठी डिफॉल्टर लिस्टची, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीची, वाट बघू नका. त्या लिस्टमध्ये नाव येईपर्यंत मुलगा गेलेला असतो. दोन आठवडे सलग न दिसणाऱ्याला फोन करा किंवा सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, विचारा. रागावून नको, ‘काय झालंय’ एवढंच. निम्म्या वेळा कामाची शिफ्ट बदललेली असते, कधी फी भरायची राहिलेली असते. घरातलं किंवा मनातलं काही गंभीर निघालं तर स्वतः समुपदेशक होऊ नका. कॉलेजच्या समुपदेशकाकडे सोबत जा, आणि सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वर्गाच्या ग्रुपवर टाकून ठेवा. एटीकेटी लागलेल्यांना, म्हणजे काही विषय राहूनही पुढे गेलेल्यांना, सगळ्यांसमोर हाक मारून बोलावू नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

सेमिस्टरच्या मध्यावर एक मोठी चिठ्ठी घ्या. शिकायला कशाची मदत होतेय, कशाचा अडथळा होतोय, काय बदलायला हवं. ही टोचते. तरी त्याच दिवशी वाचा आणि पुढच्या तासाला तीन गोष्टी सांगा. हे बदलतेय, हे बदलता येणार नाही आणि का, आणि हे तुम्ही बदलायचंय. बदलता न येणाऱ्या गोष्टीचं कारण सांगितलं तर मुलं समजून घेतात. सातचा तास आठला होणार नाही, हे त्यांनाही कळतं. ही चिठ्ठी घेऊन गप्प राहिलात तर उरलेलं सेमिस्टर गेलं असं समजा.

पुढचं भराभर सांगते. गणपतीत एक आठवडा जातोच, अभ्यासक्रमाचं गणित तो सोडूनच मांडा. रविवारी जादा तास ठेवू नका, मेगाब्लॉकमध्ये कोणी पोचत नाही. इंटर्नलला वर्गात घेतले तसलेच प्रश्न घाला. वर्गात विचार करायला लावायचं आणि पेपरात व्याख्या विचारायच्या, असं केलंत तर पुढच्या वर्षी कोणी विचार करणार नाही. उजळणीला प्रश्न मुलांकडून काढून घ्या. उत्तरपत्रिका परत देताना निदान एक ओळ लिहा, पुढच्या वेळी काय करायचं त्याची. जमलं तर नमुन्याचं एक उत्तर फळ्यावर. बाकी विद्यापीठाचं वेळापत्रक आलं की आपल्या हातात फारसं उरत नाही.

आणि शेवटची चिठ्ठी शेवटच्या तासाला घेऊ नका. तिला उत्तर द्यायला पुढचा तास नसतो. शेवटून दुसऱ्या तासाला घ्या.