व्यायामासाठी निकर निवडताना

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. सिद्धेश्वर तलावाकाठी नुसतं चालून आलं तरी अंग भिजतं. बायकांना रोजच्या वापराला आतून घालायची सुती निकर उत्तमच. पण व्यायामात सुती कापड घाम शोषून आपल्या सोलापुरी टॉवेलसारखं ओलंच राहतं आणि जांघा सोलवटतात. पळायला जाणार असाल तर चटकन वाळणारी, नायलॉन-स्पॅन्डेक्सची घ्या. दोन पायांच्या मधली पट्टी मात्र सुतीच हवी. जांघेजवळची शिवण बोटानं चाचपून बघा, सपाट लागली पाहिजे. इलॅस्टिकचे वळ उठले तर माप लहान. ढिली असेल तर चुण्या पडून काचते. लेस नकोच. आणि बायांनो, घरी आल्यावर तशाच ओल्या कपड्यांत स्वयंपाकाला लागू नका, आधी बदला. ओलाव्यानंच बुरशी आणि खाज वाढते. धुतलेली निकर साडीखाली लपवून वाळत घालू नका, मोकळ्या उन्हात घाला.