मृगाआधी सेल्फ मारून बघा

रोहिणी लागल्या की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडच्या बगिच्यांत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या तोंडी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्रा ताणावर आहे, पाणी बंद आहे, आणि छोटा ट्रॅक्टर दोन महिन्यांपासून टिनाच्या शेडमध्ये उभा आहे. जूनच्या मध्यात पाऊस पडला की ओळींतलं तण आठ-पंधरा दिवसांत गुडघ्याला येतं. रोटाव्हेटर लावायचा, फवारणीचा ब्लोअर जोडायचा, आणि नेमकी त्याच सकाळी चावी फिरवली की ट्रॅक्टर गप्प. त्या दिवसांत वायरिंगवाला मिळणंही कठीण. म्हणून सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, तपासायचं हे काम याच आठवड्यात, सकाळी ऊन तापायच्या आत उरकून घ्या.

माझं सांगणं एकच आहे: सेल्फ लागत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी आणू नका. मी आणली होती. दोन दिवस ट्रॅक्टर चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच ‘टक’. शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हची जाड केबल चेसिसला जिथे बोल्टने कसली होती, ती जागा उघडली. आत गंज आणि जुन्या रंगाचा थर होता. पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, बोल्ट आवळला, आणि जुन्या बॅटरीवरही सेल्फ लागला. तीच बॅटरी पुढे अख्खा हंगाम चालली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे दोष शोधणं सोपं जाईल. हेडलाइटचा बल्ब ४-५ अॅम्पिअर करंट ओढतो. सेल्फ मोटर शंभर-दीडशे किंवा त्याहून जास्त ओढते. गंजलेल्या जोडात फक्त ०.०२ ओहम अडथळा असला, तरी १५० अॅम्पिअरला तिथेच ३ व्होल्ट खर्च होतात. बारापैकी ३ गेले तर सेल्फ कसा फिरणार? लाइट मात्र लख्ख लागतो, आणि आपण म्हणतो, बॅटरी तर चांगली आहे, सेल्फच जळाला असेल.

चावी फिरवताना कान द्या. टकटकटक असा भरभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जोरदार टक येऊन शांत झालं, आणि बॅटरी-केबल ठीक निघाल्या, तर सोलेनॉइडच्या (सेल्फला जाड करंट जोडणाऱ्या स्विचच्या) आतले तांब्याचे संपर्क जळालेले किंवा सेल्फचे कार्बन, म्हणजे ब्रश, झिजलेले समजा. सेल्फ नुसता घूं करून फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (फ्लायव्हीलमध्ये अडकणारा सेल्फचा दातेरी गियर) किंवा फ्लायव्हीलचे दात बघावे लागतील. ते काम मिस्त्रीचं.

काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज बघा. मग क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच. ज्या मॉडेलला तो असतो, त्यात क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फपर्यंत करंट जातच नाही, आणि चिखल-धुळीने तो स्विच अडकतो. गियर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, टेस्ट लॅम्पची (दोन तारा जोडलेल्या १२ व्होल्टच्या बल्बची) एक तार चेसिसला आणि दुसरी सोलेनॉइडच्या बारीक तारेच्या टोकाला लावा, आणि ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या माणसाला चावी फिरवायला सांगा. लॅम्प लागला तर सोलेनॉइड-सेल्फकडे बघा. नाही लागला तर दोष चावी, स्विच किंवा मधल्या तारेत आहे. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर आणि खारी कुरतडतात, तेव्हा बॉनेट उघडून तार बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा.

साधा मल्टिमीटर घरात असायलाच हवा. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या बॅटरीने १२.६ दाखवले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्जिंग. मग कुणाला सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. आकडा चांगला राहिला आणि सेल्फ तरीही मेल्यासारखा फिरला, तर अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची चेसिस-इंजिनशी असलेली जोडणी, तपासा. मीटरची एक कांडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ चालू असताना वाचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष तिथेच. मीटर नसेल तर जंपर केबल निगेटिव्ह खांबापासून थेट इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला लावून बघा. सेल्फ जोरात फिरला, तर जुनी अर्थिंग केबल खराब आहे.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. ते पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली त्याहूनही जास्त तापतं. या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं आणि बॅटरी उभ्या-उभ्या उतरते. प्लेटा बुडालेल्या आहेत का ते बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं किंवा नळाचं क्षारांचं पाणी अजिबात नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहे. साडेबाराच्या आसपासच राहिले, तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

आता हे नीट ऐका. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांना पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करायची सवय गावोगावी आहे. त्यात सेफ्टी स्विच बाद होतो. गियर पडलेला असेल तर इंजिन लागताच ट्रॅक्टर पुढे झेपावतो, आणि माणूस चाकासमोरच उभा असतो. यात माणसं गेली आहेत. घरातल्या पोरांना हे करताना पाहिलं तर तिथेच थांबवा. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालणंही बंद करा, त्याने वायरिंग पेट घेतं.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. सेल्फ चांगला फिरतो आणि इंजिन धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका: डिझेल बंद करणारा सोलेनॉइड उघडतो का, लाइनमध्ये हवा धरली आहे का, ते बघा.

आणि पाऊस लागल्यावर काम नसलं तरी आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर काढून अर्धा तास चालवा, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून ठेवा.