नर्सिंगचं पहिलं वर्ष: जुलाब झालेल्या माणसाची नाडी जलद का चालते?

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी मिरजेला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला आले. बारावी आर्ट्स, तीही मराठी माध्यमातून. पहिल्या वर्षाचं अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचं जाडजूड पुस्तक हातात पडलं तेव्हा पाठांतराशिवाय दुसरा मार्गच सुचला नाही. तीन आठवड्यांत 206 हाडं पाठ केली. कवटीपासून पायाच्या बोटापर्यंत न अडखळता म्हणायचे.

पहिल्या तोंडी परीक्षेत मॅडमनी हाडांबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जुलाब झालेल्या पेशंटची नाडी जलद का चालते?" मला हृदयाचे चार कप्पे माहीत होते, मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची आकृती येत होती, पण उत्तर येत नव्हतं. यंदा ज्या मुली नव्याने येताहेत त्यांनी याच प्रश्नापासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

जुलाबात पाणी आणि मीठ निघून जातं, रक्ताचं आकारमान घटतं, रक्तवाहिन्यांतला दाब उतरू लागतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती लंबमज्जेला, म्हणजे मेंदूच्या खालच्या टोकाच्या भागाला, खबर देतात. तिथून धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी सिंपथेटिक चेतासंस्था जागी होते, हृदय भराभर धावू लागतं आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात-पाय गार लागतात. तिकडे मेंदूला रक्त घट्ट झाल्याचं कळतं. तहान लागते, एडीएच नावाचं संप्रेरक सुटतं, मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं आणि लघवी थोडी, गडद होते. हे सगळं चाललेलं असेपर्यंत बीपी बऱ्याचदा ठीकच दिसतं. मोठ्या माणसात ते पडतं शेवटी, शरीराचे उपाय संपत आल्यावर. वॉर्डात काम करणाऱ्या बाईला ही एक गोष्ट पक्की ठाऊक हवी.

बघा, एका प्रश्नात हृदय, रक्तवाहिन्या, मेंदू, संप्रेरकं, मूत्रपिंड आणि कातडी आली. पुस्तकात ही सहा वेगवेगळी प्रकरणं आहेत. म्हणून मी वाचायची पद्धतच बदलली. कुठलाही अवयव उघडला की आधी विचारायचं, हा काय सांभाळतो? मग त्याची रचना. फुप्फुस ऑक्सिजन घेतं एवढंच नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते रक्ताची आम्लताही सांभाळतं. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मध्येच राहावा लागतो. उपाशीपोटी रक्तातली साखर साधारण 70 ते 100 (मिग्रॅ/डेसिलिटर), आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास.

यालाच होमिओस्टॅसिस म्हणतात, आपल्या भाषेत शरीराचा समतोल. समतोल म्हणजे एका आकड्यावर थिजून बसणं नव्हे. पावसाळ्यात सांगलीत जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं ते विचारतो, आयर्विनला किती फूट? 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्याच्या आत कृष्णा रोज वर-खाली होतच असते. शरीराचंही तसंच. फरक इतकाच की शरीर पातळी नुसती मोजत नाही, बिघाड ज्या दिशेला त्याच्या उलट जोर लावतं. तो निगेटिव्ह फीडबॅक. बाळंतपणाच्या कळा मात्र याला अपवाद आहेत. तिथे ऑक्सिटोसिन कळ वाढवतं, कळ आणखी ऑक्सिटोसिन सोडवते आणि बाळ बाहेर आल्यावरच हे थांबतं.

उभं राहताना सांभाळायचा तोल निराळा. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि स्नायू-सांध्यांकडून येणारे संदेश मिळून तो राखतात. डोळे मिटून एका पायावर उभ्या राहा, डोळ्यांचा वाटा किती ते लगेच कळेल.

इंग्रजी शब्दांची धास्ती घेऊ नका. शब्द फोडायचा. ऑस्टिओ म्हणजे हाड, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, शेवटी आयटिस आलं की दाह. पन्नास-साठ तुकडे वहीत उतरवले की निम्मं पुस्तक ओळखीचं वाटू लागतं. उत्तर आधी मराठीत स्वतःला सांगा, मग इंग्रजीत लिहा.

पेशीविभाजन मला सर्वांत अवघड गेलं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं यायची, पण मायटोसिस आणि मिओसिस यांतला फरक डोक्यात बसेना. तो बसला सुट्टीत, आमच्या शेतात. अण्णा हळदीचं बेणं निवडत होते. सेलमचे जेठे गड्डे. मी विचारलं, "हळदीला बी का धरत नाही?" ते म्हणाले, "फूल येतं, बी नाही. गड्डाच लावायचा." परत आल्यावर मॅडमना विचारलं. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण 63. मिओसिसमध्ये गुणसूत्रांना आधी जोडीदार शोधून समोरासमोर उभं राहावं लागतं. तिघांची जोडी कशी लागणार? मायटोसिसला जोडी लागतच नाही. प्रत्येक गुणसूत्र एकेकटं मध्यरेषेवर येतं, उभं दुभंगतं आणि दोन्हीकडे सारखाच संच जातो. म्हणून गड्ड्यातून वाढलेली हळद मूळ हळदीसारखीच निघते. आपल्या शरीरातही जखम भरते ती मायटोसिसने, 46 ची 46. अंडाशयात आणि वृषणात मिओसिस होऊन 23 उरतात. त्या रात्री रंगीत दोरे कॉटवर मांडून मी दोन्ही विभाजनं करून पाहिली. तुम्हीही करा, आकृती दहा वेळा गिरवण्यापेक्षा ते बरं.

त्यापुढे एक प्रश्न कायम जवळ ठेवा: ही पेशी विभागते का? तांबडी पेशी विभागत नाही, तिला केंद्रकच नसतं. ती सुमारे 120 दिवस जगते आणि तिच्या जागी नवी अस्थिमज्जेतून येते. हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ विभागत नाहीतच, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या भागावर व्रण उरतो. केसांची मुळं आणि आतड्याचं अस्तर मात्र सतत विभागत असतं. केमोथेरपीची बरीच औषधं विभागणाऱ्या पेशींनाच गाठतात, त्यामुळे केस जातात, तोंड येतं. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिनक्रिस्टिन गुणसूत्रांना ओढणारे तर्कुतंतूच बनू देत नाही, पेशी मध्यावस्थेत अडकून मरते. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांना ते देतात. "केस परत येतील का हो सिस्टर?" असं एखादी आई विचारते तेव्हा मला हे माहीत असतं की मुळाशी मूळपेशी सहसा शिल्लक असतात, आणि मी तिला विश्वासाने सांगू शकते की बहुतेक मुलांचे येतात.

गेल्या पावसाळ्यात वॉर्डात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती. जुलाबाच्या एका आजींजवळ तिला बीपी घ्यायला पाठवलं. बीपी 110 वर 70. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, बीपी चांगलं आहे, पण हात गार आहेत, नाडी 118 आहे आणि सकाळपासून लघवीला गेल्या नाहीत." मी लगेच डॉक्टरांना बोलावलं.