गायिकेचं चित्रपुस्तक घरीच करा

मे महिन्यात वेंगुर्ल्याकडे दुपारी पोरं घरात धुडगूस घालतात तेव्हा हे करून बघा. गायिका एकच घ्या आणि जन्मापासून सगळं सांगत बसू नका हो, पोरं कंटाळतात. केसरबाई केरकर घेतल्या तर पहिल्याच पानावर यान काढा, कारण १९७७ मध्ये व्हॉयेजरसोबत त्यांची भैरवी अंतराळात गेली, मग पान उलटलं की गोव्यातलं केरी गाव. मोगूबाई कुर्डीकर घेतल्या तर त्यांचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तिथे निळ्या जिलेटीन पेपरचा फ्लॅप चिकटवा, उचलला की खाली देऊळ, घरांचे चौथरे. पानाला दोनच वाक्यं, आणि वाचताना मोबाईलवर त्यांचं गाणं लावाच. पानं सुई-दोऱ्याने शिवा, स्टेपलर नको, आपल्याकडच्या पावसात पिना गंजून पानं पिवळी पडतात.